क्लब कोल्हापूरलाच हवा

महाराष्ट्रात व्यावसायिक फुटबॉलचा नवा संघ निघावा अशी चर्चा झाली, की पहिले नाव पुण्याचे येते. कारणे सगळ्यांना पाठ आहेत. २०११ च्या जनगणनेत ३१ लाखांवर गेलेली वस्ती, आयटी कंपन्यांचा पैसा, विमानतळ, बालेवाडीचे स्टेडियम, संध्याकाळी तिकीट काढून येऊ शकेल असा तरुण नोकरदार वर्ग. कोल्हापूरचे नाव कुणी काढलेच तर कौतुकाने काढतो आणि लगेच बाजूला ठेवतो. वेड आहे, पण गाव लहान. पैसा नाही, मैदान नाही, शिवाय पेठापेठांत मारामाऱ्या. पुणे की कोल्हापूर, एवढ्यापुरते माझे उत्तर स्पष्ट आहे. मुंबईबाहेर राज्यात एका शहरात व्यावसायिक क्लब मुळे धरू शकतो, आणि ते शहर कोल्हापूर आहे. फक्त आजवर आपल्याकडे क्लब ज्या पद्धतीने काढले गेले, त्या पद्धतीने तो काढता कामा नये.

पुण्याला संधी मिळाली नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. दहा वर्षांत चार वेळा मिळाली. २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी काढला. हा संघ २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता होता आणि त्याच्या अकादमीचे नाव देशभर होते. २०१५ मध्ये तो बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला आणि संपला. डीएसके शिवाजीयन्स आय-लीगमध्ये दोन हंगाम टिकला. आणि एफसी पुणे सिटी! २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली तेव्हाच्या आठ संघांपैकी हा एक. इटलीचा फियोरेंटिना क्लब भागीदार, हृतिक रोशन सहमालक, २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरी. २०१९ मध्ये तोही गुंडाळला गेला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादला मिळाली. हैदराबादने २०२१-२२ मध्ये विजेतेपद मिळवले. त्या विजेत्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुढे २०२५ मध्ये हैदराबादचा संघही उचलून दिल्लीला नेण्यात आला.

यात पुणेकर प्रेक्षकाला दोष देणे अन्यायाचे होईल. ‘ऑरेंज आर्मी’ नावाने एकत्र आलेली मुले एफसी पुणे सिटीसाठी घसा बसेपर्यंत ओरडत होती. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेले बालेवाडीचे संकुल जुन्या पेठांपासून, कॅम्पापासून, खडकीपासून लांब. मध्ये धावपट्टी असल्याने खेळ प्रेक्षकांपासून दूर. तरीही ती मुले जात होती. क्लब बुडाला तेव्हा त्यांना कुणी विचारले नाही, कारण विचारावे असे त्यांच्या हातात काही नव्हते. सभासदत्व नाही, मताचा अधिकार नाही, सर्वसाधारण सभा नाही. क्लब मालकाचा होता. मालकाचा धंदा अडचणीत आला किंवा उत्साह संपला, की दुसऱ्या दिवसापासून क्लब नाही. चारही वेळा थोड्याफार फरकाने हेच घडले. पाचव्यांदा त्याच शहरात तोच प्रयोग करून वेगळे उत्तर कसे येईल, हे पुण्याची बाजू मांडणाऱ्यांनी सांगावे.

आता कोल्हापूरवरच्या आक्षेपांकडे येऊ.

पहिला आक्षेप गाव लहान असल्याचा. २०११ मध्ये कोल्हापूर महापालिकेची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या जवळ होती. त्याच जनगणनेत मिझोरमची राजधानी ऐजॉल तीन लाखांच्याही आत होती. त्या ऐजॉलने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि बंगळुरू या बलाढ्य संघांना मागे टाकून जिंकली. प्रशिक्षक होते खालिद जमील, जे त्याआधी मुंबई एफसीला सांभाळत होते. तो मुंबई एफसी, सव्वा कोटींच्या महानगरातला संघ, त्याच हंगामात तळाला गेला आणि बंद पडला. लोकसंख्या मोजून फुटबॉलचे भवितव्य ठरवणाऱ्यांनी २०१७ ची ही गुणतालिका एकदा समोर ठेवावी.

गाव किती मोठे यापेक्षा गावातली किती माणसे सामन्याच्या दिवशी काम बाजूला ठेवतात, हे पाहायला हवे. मोठ्या सामन्याच्या दुपारी राजर्षी शाहू स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहा. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस ही तालमी-मंडळांच्या संघांची नावे इथे शाळकरी पोराला पाढ्यासारखी येतात. एकेका दुचाकीवर तिघे तिघे, गळ्यात आपल्या तालमीचा रंग, गॅलरीत हलगी. बायकाही येतात, म्हातारेही येतात. डाव्या बगलेने चेंडू घेऊन निघालेल्या पोराकडे बोट दाखवून, याचा चुलताही इथूनच असाच धावायचा, असे नातवाला सांगणारे आजोबा तिथे भेटतात. खेळाडूची दोन पिढ्यांची ओळख प्रेक्षकाच्या डोक्यात असणे, ही गोष्ट जाहिरातीचा कितीही खर्च करून बालेवाडीत उभी करता आली नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. कोल्हापुरात पैसा नाही हे विधान शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहती न पाहिलेल्या माणसाचे आहे. फाउंड्रीचा पैसा आहे, दुधाचा आहे, साखरेचा आहे. तालमींकडेही आज पैसा येतोच. नायजेरियासारख्या देशांतून खेळाडू येतात, त्यांचे मानधन आणि राहण्याजेवण्याचा खर्च मंडळे करतात. नेत्यांच्या नावाचे चषक होतात, मोठमोठी बक्षिसे लागतात. दुखणे वेगळे आहे. हा सारा पैसा एका हंगामात, एका मैदानावर खर्च होतो आणि जूनमध्ये मागे काही उरत नाही. चौदा वर्षांचा गुणी मुलगा घडवायला त्यातले फारच थोडे जाते. म्हणून अनिकेत जाधवसारख्या मुलाला घडण्यासाठी पुण्याची क्रीडा प्रबोधिनी गाठावी लागते.

मैदानाचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. शाहू स्टेडियम गावाच्या मध्यात आहे, पेठांतून चालत जाता येते, हे त्याचे मोठेपण. पण सगळ्या तालमींचा सगळा हंगाम त्या एका मैदानाच्या माथी. हंगामाच्या अखेरीस गोलपोस्टसमोरचे गवत गेलेले असते, चेंडू कसाही उसळतो. आशियाई फुटबॉल महासंघाच्या परवान्याचे निकष आजच्या स्थितीत ते पुरे करणार नाही. तरी हेही लक्षात घ्या, की दोनदा आयएसएल जिंकलेला मुंबई सिटी अंधेरीच्या ज्या मैदानावर खेळतो, तिथे सामन्याला दहा हजार प्रेक्षकांचीही सोय नसते. मोठे स्टेडियम नसले तरी चालते. चांगली हिरवळ, दिवे, स्वच्छ स्वच्छतागृहे आणि बाहेर पडायला मोकळे दरवाजे लागतात. हे काम महापालिका, राज्य शासन आणि कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन (के.एस.ए.) मिळून करू शकतात. बालेवाडीत २०२२ च्या महिला आशियाई फुटबॉल स्पर्धेचे काही सामने झाले. स्टेडियम उत्तम होते, पण शहराला स्वतःचा व्यावसायिक संघ नव्हता.

राहिल्या मारामाऱ्या. दगडफेक झाली आहे, सामने थांबले आहेत, पोलीस बंदोबस्ताशिवाय मोठा सामना होत नाही. यातले काहीही क्षम्य नाही. पण यावरून कोल्हापूर व्यावसायिक फुटबॉलला नालायक ठरत असेल, तर कोलकात्याचे काय करायचे? १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात हाणामारी व चेंगराचेंगरी होऊन १६ प्रेक्षकांचा जीव गेला. कोलकात्याने तो दिवस स्मरणात ठेवला आणि खेळही चालू ठेवला. व्यावसायिक परवान्याच्या अटींत सुरक्षा अधिकारी, क्रमांकित आसने, प्रेक्षकांच्या वर्तनाची जबाबदारी क्लबवर, हे सगळे येते. म्हणजे मारामाऱ्या हे क्लब नाकारण्याचे कारण नसून शिस्तीची चौकट लवकर आणण्याचे कारण आहे.

सर्वांत गंभीर शंका कोल्हापूरकरच घेतात: मंगळवार पेठेचा माणूस शिवाजी पेठेच्या शेजारी बसून एकाच संघाला टाळ्या देईल का? ही ईर्षा मला ठाऊक आहे आणि मला ती प्रिय आहे. ती मोडून क्लब काढायचा नाही. केरळमध्ये मलप्पुरमच्या सेव्हन्स फुटबॉलमध्ये गावोगावचे संघ अशाच चुरशीने खेळतात, आफ्रिकी खेळाडूही आणतात. २०२४ मध्ये सुपर लीग केरळ सुरू झाली तेव्हा त्याच प्रेक्षकाने मलप्पुरम एफसीला आपले मानले. पेठेचा संघ आणि शहराचा संघ या दोन निष्ठा एका माणसात सुखाने नांदतात. एफसी कोल्हापूर सिटीच्या मुली इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळल्या, तेव्हा त्या कुठल्या पेठेच्या हे कुणी विचारले होते?

मग क्लब कसा काढायचा? सभासदांच्या मालकीचा. बार्सिलोना आणि रेआल माद्रिद आजही सभासदांच्या मालकीचे आहेत, जर्मनीत क्लबच्या मतांचे बहुमत सभासदांकडे राहावे असा नियम आहे. पण एवढे दूर जायला नको. एटीके हा कोलकात्याचा फ्रँचायझी संघ तीनदा आयएसएल जिंकला. २०२० मध्ये त्याची सांगड १८८९ च्या मोहन बागानशी घातली गेली आणि ‘एटीके’ हे नाव पुढे जोडले गेले. चाहते तीन वर्षे हटले नाहीत. २०२३ मध्ये ती अक्षरे काढावी लागली. तीन विजेतेपदांचे नाव गेले आणि सभासदांच्या जुन्या क्लबचे नाव राहिले. पुण्यात असे हटून बसणारा सभासदच नव्हता.

सभासद, भागभांडवल, वार्षिक सभा, संचालक मंडळ या गोष्टी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नकोत. दूध संघ आणि साखर कारखाने त्यावरच उभे आहेत. सहकारात गटबाजी आणि राजकारण शिरते, हे मी नाकारत नाही. म्हणून घटनेतच लिहून ठेवावे की कोणत्याही एका व्यक्तीला किंवा कंपनीला बहुमत मिळणार नाही, क्लबचे नाव, रंग आणि गाव सभासदांच्या मताशिवाय बदलणार नाही, आणि उत्पन्नाचा ठरलेला वाटा मुलामुलींच्या वयोगट संघांवर खर्च होईल. प्रायोजक खुशाल घ्यावेत, मालक घेऊ नये.

आणि आयएसएलची जागा विकत घेण्याच्या मागे लागू नये. ज्या १५ वर्षांच्या करारावर ती लीग उभी होती, तो २०२५ मध्ये संपत आला आणि अख्खा हंगाम लटकला. तिथे आज कोट्यवधी ओतणे शहाणपणाचे नाही. खालून वर जाण्याचा रस्ता खुला आहे. राज्य लीगमधून आय-लीग ३, मग २, मग आय-लीग. २०२३ मध्ये पंजाब एफसी आणि २०२४ मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंग आय-लीग जिंकूनच वरच्या लीगमध्ये गेले. पाच-सात वर्षे लागतील. तेवढ्या वेळात मैदानही तयार होईल आणि आज बारा वर्षांची असलेली मुलेही.

के.एस.ए.चे मालोजीराजे छत्रपती २०२२ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीवर निवडून गेले, म्हणजे दिल्लीत दार ठोठावायला माणूस आहे. सुरुवात मात्र तालमींनीच करायची आहे. पुढच्या हंगामाची संघनोंदणी सुरू होण्याआधी सगळ्या वरिष्ठ तालमींनी के.एस.ए.च्या कार्यालयात एकत्र बसावे, प्रत्येकीने आपला एक प्रतिनिधी द्यावा आणि शहराच्या सभासद-क्लबच्या नोंदणीचा ठराव करावा. पेठेतल्या प्रत्येक चाहत्याने आपल्या तालमीच्या अध्यक्षांकडे ही मागणी आत्ताच करावी.