नगराची चाकरी आणि आपली मुले

नाताळची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाल्या की शिकागोच्या परिसरातील मराठी घरांत येणाऱ्या उन्हाळ्याची चर्चा सुरू होते, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने जूनपासून ऑगस्टपर्यंतचे ते दहा-अकरा आठवडे कसे कारणी लावावेत, यावर पुष्कळ खल होतो. एसएटीचे वर्ग, विद्यापीठांनी भरभक्कम शुल्क आकारून चालविलेली उन्हाळी सत्रे, एखाद्या स्नेह्याच्या प्रयोगशाळेत वा कंपनीत ओळखीने मिळालेली बिनपगारी उमेदवारी, असे पर्याय एकामागून एक पुढे येतात. परंतु नेमक्या याच दिवसांत आपल्या गावचे पार्क डिस्ट्रिक्ट म्हणजे उद्यानांचे मंडळ, ग्रंथालय आणि नगरपालिका उन्हाळ्यापुरत्या नेमणुकांसाठी अर्ज मागवीत असतात, ही गोष्ट त्या चर्चेत क्वचितच निघते. ज्या मुलांना कायद्याने असे काम करता येते, त्यांनी शालेय जीवनातील निदान एक उन्हाळा आपल्या गावच्या सार्वजनिक खात्यात पगारी चाकरी करावी, आणि आईबापांनी तिच्याकडे वाया गेलेला वेळ म्हणून न पाहता शिक्षणाचे एक आवश्यक अंग म्हणून पाहावे, असे माझे आग्रहाचे प्रतिपादन आहे.

या प्रतिपादनाचे मूळ आपल्या येथील वास्तव्याच्या स्वरूपात आहे. इलिनॉय राज्यात स्थानिक शासनसंस्थांची संख्या सात हजारांच्या घरात असून अमेरिकेतील अन्य कोणत्याही राज्यात ती इतकी नाही. शाळा, ग्रंथालय, उद्याने, वनसंरक्षण, टाउनशिप, कित्येक भागांत तर डासांचे निर्मूलन, या प्रत्येकासाठी स्वतंत्र मंडळ, स्वतंत्र अंदाजपत्रक आणि घरपट्टीच्या बिलात स्वतंत्र ओळ असते. नेपरव्हिलपासून शॉमबर्गपर्यंत पसरलेले आपण मराठी लोक ती रक्कम मुदतीच्या आत चुकती करतो. मात्र त्या ओळींमागची मंडळे कोठे भरतात, त्यांचे सभासद कोण आहेत, पार्क डिस्ट्रिक्टचे आयुक्त लोकांतून निवडून येतात आणि कोणतेही वेतन न घेता काम करतात, विषम वर्षांच्या एप्रिल महिन्यात होणाऱ्या त्या निवडणुकीला किती थोडे मतदार जातात, याची वार्ता आपल्यातील बहुतेकांना नसते. विद्यापीठाच्या आणि कंपनीच्या दाराने आपण या देशात आलो आणि तेथे आपण नाव मिळविले; गावाच्या कारभाराचे दार मात्र उघडे असूनही आपण त्या वाटेला गेलो नाही. आपली मुले येथेच वाढली, येथेच मतदार होणार. त्यांना त्या दाराने आत जाण्याची पहिली, सहज आणि सन्मान्य संधी या उन्हाळी नोकऱ्यांत आहे.

या नोकऱ्यांचे स्वरूप जवळून पाहिल्याखेरीज त्यांचे मोल ध्यानात येत नाही. सार्वजनिक तलावावर जीवरक्षक व्हावयाचे तर पंधरा वर्षे पूर्ण असावी लागतात, पोहण्याची परीक्षा द्यावी लागते, तलावाच्या तळाशी टाकलेली दहा पौंडांची वीट बुडी मारून वर आणावी लागते, आणि मग उंच खुर्चीवर बसून, वाऱ्याची झुळूक असो वा नव्वद अंशांचा उष्मा असो, नेमून दिलेल्या पाण्याच्या पट्ट्यावरून नजर ढळू द्यावयाची नसते. ठरावीक मिनिटांनी दुसरा जीवरक्षक येऊन जागा घेतो, आणि तो खुर्चीवर बसून पाण्याकडे पाहू लागेपर्यंत पहिल्याने आपली दृष्टी हलवावयाची नाही, असा दंडक असतो. ज्या मुलाला घरी ताटापाण्याचीदेखील आठवण करून द्यावी लागते, त्याच्यावर येथे परक्या लेकरांच्या प्राणांची जबाबदारी सोपविलेली असते, आणि ती तो पार पाडतो, कारण ती खरी असते. ग्रंथालयात परत आलेली पुस्तके क्रमांकानुसार फळीवर लावणारी मुलगी, दिवसभराच्या शिबिरात सहा-सात वर्षांच्या दहा पोरांना सांभाळणारा, एखाद्याचे खरचटलेले गुडघे धुणारा आणि संध्याकाळी नोंदवहीत सही घेतल्यावाचून एकाही मुलाला पालकाच्या स्वाधीन न करणारा तरुण, अठरा पूर्ण झाल्यावर नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात उन्हातान्हात रस्त्याकडेच्या अग्निशामक नळखांबांना रंग देणारे विद्यार्थी, हे सारे त्या गावाचे अधिकृत नोकर असतात. त्यांचे नाव हजेरीपटावर असते, त्यांच्यावर मुकादम असतो, आणि त्यांच्या हातून झालेल्या चुकीचा जाब विचारण्याचा अधिकार गावातील प्रत्येक करदात्याला असतो.

पहिला पगार हाती येतो तेव्हा आणखी एक शिक्षण घडते. इलिनॉयमध्ये २०२५ पासून किमान वेतन ताशी १५ डॉलर आहे, आणि अठरा वर्षांखालील, वर्षात ६५० तासांहून कमी काम करणाऱ्यांसाठी ते १३ डॉलर आहे. ताशी पंधरा डॉलरने आठवड्यात तीस तास काम केलेल्याची कमाई ४५० डॉलर होते. परंतु पगारपत्रकात सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के मिळून ३४ डॉलरांहून थोडे अधिक वजा झालेले दिसतात. हे पैसे कोठे गेले, असा प्रश्न सोळा वर्षांच्या मुलाच्या मनात त्या क्षणी जितक्या तीव्रतेने उठतो, तितका तो नागरिकशास्त्राच्या कोणत्याही पाठाने उठत नाही. आणि आपला पगारही गावकऱ्यांनी अशाच भरलेल्या करांतून, मुख्यत्वे घरपट्टीतून, आला, हे उमगले म्हणजे कर देणारा आणि करावर चालणारा, अशा दोन्ही बाजूंनी त्याला शासनाचे दर्शन होते.

मुलांना कामाला लावण्याच्या कल्पनेविषयी काही सुजाण वाचकांच्या मनात किंतु येणे स्वाभाविक आहे, आणि त्याचे निरसन शिकागोच्याच इतिहासात आहे. जेन ॲडम्स यांनी १८८९ साली स्थापन केलेल्या हल हाउसमध्ये राहून फ्लॉरेन्स केली यांनी कारखान्यांतील बालमजुरीची पाहणी केली आणि १८९३ साली इलिनॉयच्या विधिमंडळाकडून चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात ठेवण्यास बंदी करणारा कायदा करून घेतला. पुढे १९३८ च्या केंद्रीय कायद्याने हे संरक्षण देशभर नेले. त्याअन्वये चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना शाळेच्या सुट्टीत दिवसाला आठ आणि आठवड्याला चाळीस तासांहून अधिक काम देता येत नाही, आणि उन्हाळ्यातही रात्री नवाच्या पुढे त्यांना थांबविता येत नाही. म्हणजे ज्या समाजाने मुलांना यंत्रापासून सोडविले, त्यानेच वय, वेळ आणि वेतन यांच्या मर्यादा आखून तरुणांच्या श्रमाला सार्वजनिक जीवनात मानाचे स्थान दिले. १९६४ च्या आर्थिक संधी कायद्याने सरकारी खर्चाने तरुणांना काम देण्याची तरतूद केली. १९९८ च्या कायद्याने उन्हाळी कामांसाठीचा केंद्राचा स्वतंत्र निधी बंद झाल्यावर तो भार मुख्यत्वे शहरांनी आपल्या शिरावर घेतला.

त्याचे फळ काय, हेही तपासून पाहिले गेले आहे. शिकागोत २०१२ च्या उन्हाळ्यात, हिंसाचाराने ग्रासलेल्या वस्त्यांतील १३ शाळांतून १,६३४ विद्यार्थ्यांची नावे घेऊन, त्यांतील काहींना चिठ्ठ्या टाकून आठ आठवडे, आठवड्याला पंचवीस तासांचे काम दिले गेले. सारा हेलर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, पुढील सोळा महिन्यांत काम मिळालेल्या गटातील हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४३ टक्क्यांनी घटल्या, आणि ही घट बव्हंशी काम संपल्यानंतरची होती. न्यूयॉर्कच्या उन्हाळी रोजगार योजनेत २००५ ते २००८ या काळात सोडतीने निवडलेल्या तरुणांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुढील कमाई वाढल्याचे वा महाविद्यालयीन प्रवेश वाढल्याचे दिसले नाही, मात्र तुरुंगवास आणि अकाली मृत्यू यांचे प्रमाण घटल्याचे दिसले. हे अभ्यास आपल्या मुलांहून अगदी वेगळ्या परिस्थितीतील मुलांविषयीचे आहेत, हे मी विसरत नाही. तथापि उन्हाळी कामाचे मोल पुढच्या पगारात शोधावयाचे नसते, एवढे त्यांतून निश्चित कळते. ज्याला आपल्या भोवतीच्या समाजाने एक खरे काम आणि एक खरा वरिष्ठ दिला, त्याचे त्या समाजाशी असलेले नाते बदलते, असा त्यांचा अर्थ मी करतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो महाविद्यालयीन प्रवेशाचा: उन्हाळा कामात गेला तर त्या प्रवेशाच्या तयारीचे काय? श्रम करणाऱ्या किशोरांची संख्या साऱ्या देशातच ओसरली आहे: सोळा ते एकोणीस वर्षांच्या मुलांपैकी जुलै १९७८ मध्ये ७१.८ टक्के काम करीत वा काम शोधीत होते, ते प्रमाण जुलै २०१६ मध्ये ४३.२ टक्क्यांवर आले. आणि त्या घसरणीचे एक कारण उन्हाळ्यातही चालणारा अभ्यास हेच आहे. माझे म्हणणे एवढेच की, हायस्कुलाच्या चार वर्षांत तीन उन्हाळे येतात, त्यांतील एक गावाला दिल्याने कोणाचेही भवितव्य बिघडत नाही. किंबहुना ज्याने तलावावर वा शिबिरात परक्या माणसांशी वागण्याचा अनुभव घेतला, त्याच्यापाशी स्वतःविषयी सांगण्यासारखे असे काही असते, जे पैसे भरून मिळविलेल्या प्रमाणपत्रात नसते.

दुसरा आक्षेप उघड बोलला जात नाही, पण तो मनात असतो: आपल्या मुलाने तलावावरची फरशी धुवावी काय? लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात लिहिलेल्या शतपत्रांत श्रमाला हीन लेखण्याच्या आपल्या वृत्तीवर कोरडे ओढले, त्याला पावणेदोनशे वर्षे लोटली. १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘स्वावलंबी शिक्षण’ हे ब्रीद ठेवले, वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली आणि त्यांच्याकडून शेतात व स्वयंपाकघरात काम करून घेतले. ‘कमवा आणि शिका’ ही योजना आजही पुण्याच्या विद्यापीठात त्यांच्या नावाने चालते. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे भर मे महिन्यात तरुणांच्या श्रमसंस्कार छावण्या भरविल्या, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी कार्यकर्त्यांच्या पिढ्या त्या उन्हात घडल्या. म्हणजे सुट्टीतील श्रमाने माणूस घडतो, हा विचार आपल्याला अमेरिकेकडून उसना घ्यावयाचा नाही. तो आपलाच आहे, आणि येथे येताना सुखवस्तूपणाच्या ओघात तो मागे राहिला आहे.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. आपल्या सुस्थित मुलांनी गरजू मुलांचा रोजगार हिरावून घ्यावा काय? मुळीच घेऊ नये. शिकागो शहराचा ‘वन समर शिकागो’ हा उपक्रम १४ ते २४ वर्षांच्या शहरवासी तरुणांसाठी आहे, आणि त्याच्या जागांचा पहिला हक्क ज्यांच्या घरी त्या पगाराची निकड आहे त्यांचा आहे. उपनगरांतील स्थिती निराळी आहे; तेथे पुष्कळदा जागा भरावयास माणसेच मिळत नाहीत. शिवाय तुटवडा पडतो तेव्हा नुकसान साऱ्या गावाचे होते. २०२२ साली शिकागो पार्क डिस्ट्रिक्टलाच जीवरक्षकांअभावी सार्वजनिक तलाव जुलैपर्यंत उघडता आले नाहीत, आणि ज्यांच्या घरी स्वतःचा तलाव नाही त्यांचीच मुले उन्हात राहिली. म्हणून जेथे जागा भरावयास माणसे मिळत नाहीत तेथे आपल्या मुलांनी जावे, आणि जेथे जागा थोड्या व गरजू फार आहेत तेथे त्या जागा वाढाव्यात यासाठी आपण, मतदार आणि करदाते या नात्याने, आपले वजन खर्च करावे.

एक अडचण मात्र आक्षेपांच्या सदरात मोडत नाही. आपल्या मराठी मंडळाच्या कित्येक कुटुंबांतील मुले एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर आहेत, आणि त्यांना पगारी काम करण्याची परवानगी नाही. वर्गातील मित्र तलावावर रुजू होतो आणि आपण अर्जदेखील करू शकत नाही, हे दुःख त्या मुलांनी कोणाजवळ बोलावे? जे काम इतरांकडून पगार देऊन करवून घेतले जाते, ते या मुलांनी फुकट करावे असे सुचविणेही धोक्याचे आहे, कारण ते नियमांत बसत नाही. परंतु ग्रंथालयांच्या उन्हाळी वाचन उपक्रमांत, वनक्षेत्रांतील आगंतुक झुडपे उपटण्याच्या मोहिमांत, अन्नवाटप केंद्रांत खरीखुरी स्वयंसेवेची पदे असतात, ती त्यांना खुली आहेत. शंका असल्यास वकिलाचा सल्ला घ्यावा. या मुलांना आपलेपणाची गरज इतरांहून अधिक आहे, आणि त्यांची सोय पाहणे हे मंडळाचे पहिले कर्तव्य आहे.

मंडळाने आणखी दोन गोष्टी कराव्यात. दर जानेवारीत मराठी शाळेच्या एका रविवारी स्थानिक पार्क डिस्ट्रिक्ट व ग्रंथालय यांच्या अधिकाऱ्यांना बोलावून मुलांशी त्यांची गाठ घालून द्यावी. आणि गणेशोत्सवात व दिवाळीच्या कार्यक्रमात आपण मुलांना केवळ रंगमंचावर उभे करतो, त्याऐवजी सभागृहाचा करार, विम्याचा दाखला, अग्निशमन खात्याची मंजुरी आणि जमाखर्चाचा हिशेब यांतील एकेक काम कोण्या सतरा वर्षांच्या मुलीकडे वा मुलाकडे पूर्णपणे सोपवावे आणि कार्यकारिणीपुढे त्याचा जबाब घ्यावा.

पालकांना शेवटची विनंती अशी की, अर्ज मुलाने स्वतः भरावा, मुलाखतीला त्याने एकट्याने जावे, आणि मुकादमाने रागे भरल्यास आपण दूरध्वनी उचलू नये. त्या आठ-दहा आठवड्यांत आपले मूल गावाचे नोकर असते. आपल्या मध्यस्थीवाचून ते गावासमोर उभे राहिले, तरच पुढे कधी ते गावाचा कारभार पाहण्यासही उभे राहील.