परत आलेल्या पठ्ठ्याचे पहिले सहा आठवडे

सोयाबीन घरात आले, कपाशीची पहिली वेचणी उरकली, की बुलढाणा जिल्ह्यातल्या तालमींत आणि क्रीडा मंडळांत पुन्हा वर्दळ सुरू होते. घाटावर चिखली-मेहकरपासून घाटाखाली मलकापूर-शेगावपर्यंत हाच शिरस्ता. पुढे जत्रांमधल्या आमदंगली खुणावत असतात, पोलीस भरतीची जाहिरात कधीही निघेल या आशेने पोरे पहाटे रस्त्यावर पळत असतात. तालमीच्या दारात उभ्या राहणाऱ्यांत नवखे असतात, तसे खंड पडलेलेही असतात. कुणी दोन वर्षे पुण्याच्या कारखान्यात काढून गावी आलेला, कुणी अभ्यासिकेत बसून बसून पोट सुटलेला, कुणी गुडघा दुखावल्याने थांबलेला. बाळंतपणानंतर मॅटवर परतू पाहणारी एखादी ज्युदोपटूही त्यांत असते. त्यांना हाताखाली घेणाऱ्या कुस्ती, कबड्डी, ज्युदो, बॉक्सिंगच्या वस्तादांसाठी आणि प्रशिक्षकांसाठी हा मजकूर आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: खंड पाडून आलेल्या खेळाडूला पहिले सहा आठवडे लढत देऊ नका, आणि खाड्यांची शिक्षा म्हणून बैठका तर मुळीच काढायला लावू नका.

हे दुसरे वाक्य अनेकांना खटकेल. “इतके दिवस कुठे होतास? चल, काढ पाचशे बैठका,” हे आपल्याकडे प्रेमाचेच बोल मानले जातात. मुलगाही ईर्ष्येने काढतो, कारण चारचौघांत थांबणे त्याला कमीपणाचे वाटते. रात्री मांड्या भरून येतात, दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. बहुतेकांचे एवढ्यावरच निभावते. पण सवय सुटलेल्या स्नायूंवर अचानक एवढा भार आला, तर स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटतात आणि त्यातले द्रव्य रक्तात उतरते. ते गाळताना मूत्रपिंडावर ताण येतो. मांड्या दगडासारख्या कडक होऊन सुजतात आणि एक ते तीन दिवसांत लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा काळपट होतो. डॉक्टर याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. वेळेवर सलाइन मिळाले नाही तर मूत्रपिंड निकामी होऊ शकते आणि जीवही जाऊ शकतो. अशा वेळी तेल चोळत, शेकत बसण्यात वेळ घालवू नये. मुलाला थेट दवाखान्यात न्यावे आणि डॉक्टरांना आदल्या दिवसांतला व्यायाम आकड्यानिशी सांगावा.

आपल्या जिल्ह्यात हा धोका जास्त गांभीर्याने घ्यावा लागतो. पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा आपल्याकडेच आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद भागातल्या गावांमधून मूत्रपिंडाच्या आजारांच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. ज्या घरात असा आजार आहे त्या घरातला मुलगा तालमीत आला, तर पहिल्या दिवशी ही चौकशी झालीच पाहिजे. पिण्याचे पाणी कुठले, हा प्रश्नही त्याच चौकशीत विचारावा.

आता खंड पडला म्हणजे शरीरात नेमके काय होते ते पाहू. डाव आठवतो, दम आठवत नाही, हा प्रत्येक वस्तादाचा अनुभव आहे. पट काढायची वेळ डोक्याला कळते, हातही जातात, पण कंबर आणि श्वास मागे पडतात. दुखापत होते ती याच फटीत. दम किती झपाट्याने जातो, हे 1966 साली अमेरिकेत डलासमध्ये झालेल्या एका प्रयोगाने दाखवून दिले. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घसरली. पुढे सुमारे आठ आठवड्यांच्या सरावाने ती भरून निघाली. तीस वर्षांनी, पन्नाशीला आलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांच्या वयवाढीने झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी निघाली. मग त्यांच्याकडून सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम करून घेतला आणि वयाने गेलेली क्षमता परत आली. वस्तादांना यातून दोन गोष्टी घेता येतील. बसून राहण्याने फार लवकर नुकसान होते, आणि ते भरून काढायला कोणत्याही वयात उशीर झालेला नसतो, मात्र चढण टप्प्याटप्प्याने हवी.

दम काही आठवड्यांत सुधारतो. एकदा कमावलेला स्नायूही पहिल्या वेळेपेक्षा लवकर भरतो. पण स्नायू हाडाला बांधणारे कंडरे आणि सांध्यांचे अस्थिबंध यांना रक्तपुरवठा कमी असल्याने ते सावकाश घट्ट होतात, त्यांना महिने लागतात. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुलगा ताजातवाना दिसतो, “वस्ताद, आता जोड लावा,” म्हणून मागे लागतो, आणि नेमका तेव्हाच गुडघा किंवा खांदा देऊन बसतो. हा काळ ओळखण्यात प्रशिक्षकाचे खरे कसब आहे.

पहिल्या दोन आठवड्यांत एक दिवसाआड बोलवावे. सुरुवातीला वीस मिनिटे झपझप चालणे आणि मधूनमधून हळू पळणे. गती एवढीच की पळताना एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता यावे. मग दहा-दहा बैठकांचे तीन फेर, ओट्यावर हात टेकून पाच-सहा दंडांचे तीन फेर, आणि मान चारही बाजूंनी हाताच्या तळव्यावर रेटून धरणे. संपताना त्याला वाटले पाहिजे की अजून करता आले असते. घरी गेल्यावर तो चिडचिड करील, पण तिसऱ्या दिवशी पुन्हा येईल, आणि या पंधरवड्यात आपल्याला एवढेच हवे आहे. बुलढाण्याच्या आसपासच्या मंडळांना राजूर घाटाची ओढ असते, त्यांना एक सूचना. चढ पळवायला हरकत नाही, पण उतार मात्र चालत उतरवा. उतारावर पळताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन तोलतो, आणि सर्वाधिक झीज याच प्रकाराने होते. रस्त्यावरची वाहने हे उतार चालत उतरण्याचे आणखी एक कारण.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिवस वाढवावेत आणि अंगमेहनतीत मातीचे काम आणावे. हौद्याची माती फावड्याने खणणे, ओढणे, समतल करणे यांत कंबर, पाठ, पकड सगळे एकदम तयार होते, आणि मुलाचा तालमीशी संबंधही पुन्हा जुळतो. दोरी चढणे अर्ध्या उंचीपर्यंत. ज्युदोच्या आणि कुस्तीच्या मुलांनी पडण्याचा सराव नव्याने करावा, मग ते पूर्वी कितीही तयारीचे असोत. मान आत घेऊन, हात जमिनीवर पसरून पडण्याची सवय मोडली असेल, तर पहिल्याच उचलीला खांदा किंवा मनगट जाते.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात जोडीदार द्यावा, पण विरोध न करणारा. डाव लावू देणारा वयस्क पठ्ठा असेल तर उत्तम. याच पंधरवड्यात खेळाच्या घड्याळाची ओळख करून द्यावी. मॅटवरच्या कुस्तीत तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मधे अवघे तीस सेकंद, हौशी बॉक्सिंगमध्ये तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि मधे एक मिनिट, कबड्डीत तीस सेकंदांची चढाई. म्हणजे जोर लावण्याइतकेच मधल्या वेळात श्वास ठिकाणावर आणणे महत्त्वाचे. वीस सेकंद जोरात, चाळीस सेकंद सावकाश, अशा पाच-सहा आवर्तनांनी सुरुवात पुरते. सकाळी अंथरुणातच नाडी मोजून लिहायला लावा. ती रोजच्यापेक्षा आठ-दहा ठोके वर असेल, झोप झाली नसेल, तर त्या दिवशी मेहनत अर्ध्यावर आणा. सातव्या आठवड्यापासून लढत द्या, तीही सुरुवातीला आखूड.

काही मुले गामा पैलवानांच्या हजारो बैठकांचे आकडे ऐकून आलेली असतात. त्यांना समजावून सांगा की असे आकडे लहानपणापासून रोज, वर्षानुवर्षे चढवत नेलेले असतात, आणि ज्याच्या नावावर ते सांगितले जातात त्याची झोप, खुराक आणि दिवसभराची विश्रांती यांची सोय दरबाराने केलेली असे. दिवसभर फवारणी करून संध्याकाळी येणाऱ्या पोराला ते आकडे लावता येत नाहीत.

खुराकाचे म्हणाल, तर पावडरच्या डब्यावर महिन्याचे दोन-तीन हजार घालवण्याआधी घरातले धान्य पाहा. मेहनत करणाऱ्याला वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिने पुरतात. सत्तर किलोच्या मुलाला साधारण 112 ग्रॅम. शंभर ग्रॅम हरभऱ्यात वीसच्या आसपास, तेवढ्याच शेंगदाण्यात पंचवीस, एका अंड्यात सहा, पाव लिटर दुधात आठ ग्रॅम मिळतात. सोयाबीनमध्ये तर शंभराला छत्तीस. पोती भरभरून बाजार समितीत नेणाऱ्या आपल्या जिल्ह्यात ते ताटात फारसे येत नाही. ते कच्चे कधी देऊ नये. रात्रभर भिजवून नीट शिजवले, तरच त्यातले पचनाला आड येणारे घटक जातात. ज्वारीची भाकर, वरण, उसळ, दही आणि दोन अंडी हा खुराक गरिबातल्या गरीब घराला समजावून सांगता येतो.

वजन उतरवण्याबद्दल कडक बोलले पाहिजे. पोट सुटलेला मुलगा जत्रेच्या आधी महिनाभरात दहा किलो उतरवू पाहतो, प्लॅस्टिकचे जॅकेट घालून उन्हात पळतो, पाणी तोडतो. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत सुमारे महिनाभराच्या अंतरात तीन महाविद्यालयीन मल्ल याच पद्धतीने दगावले. त्यानंतर तिथे असे पोशाख आणि वाफेच्या खोल्या यांवर बंदी आली. ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिसला विनेश फोगाट शंभर ग्रॅमने अपात्र ठरली, तो घाव अजून ताजा आहे. तिच्यामागे तज्ज्ञांचे पथक होते, आपल्या पोरामागे कुणीच नसते. आठवड्याला अर्धा किलो, फार तर पाऊण, याहून वेगाने उतरवू नका. वजनगट गाठता येत नसेल तर वरच्या गटात लढवा.

उन्हाचेही तसेच. बुलढाणा शहराची थंडी आणि मलकापूर-शेगावकडचा उन्हाळा एका जिल्ह्यात नांदतात. घाटावरचा खेळाडू चैत्रात घाटाखालच्या दंगलीला नेताना शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, हे ध्यानात ठेवून तयारी करा.

पस्तिशी ओलांडलेल्याचा आणि घरात कुणी तरुण वयात अचानक हृदयविकाराने गेले असेल अशाचा रक्तदाब, साखर आणि हृदयाचा आलेख पहिल्या मेहनतीआधी काढून घ्यावा. बाळंतपणानंतर परतणाऱ्या खेळाडूने डॉक्टरांच्या संमतीने ओटीपोटाच्या व्यायामापासून सुरुवात करावी, तीन महिन्यांच्या आत पळणे-उड्या नकोत. जिजाऊंच्या सिंदखेडराजाचे नाव आपण भाषणांत घेतो, त्याच जिल्ह्यात लग्न झाले की मुलीचा खेळ संपला असे मानले जाऊ नये. तिच्यासाठी तालमीची वेळ बदलावी लागली, तर बदला.

हे सगळे वऱ्हाडाला परके नाही. शेजारच्या अमरावतीत 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे. व्यायाम क्रमाने शिकवता यावा म्हणून शिक्षक घडवणारी ही संस्था 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवून आली. बुलढाण्याच्याच प्रथमेश जावकरने 2023 साली शांघायच्या विश्वचषकात तिरंदाजीचे वैयक्तिक सुवर्ण जिंकले. जिल्ह्याच्या गावातून जगाच्या मैदानावर जाता येते, याचा हा पुरावा डोळ्यांसमोर आहे.

तेव्हा प्रत्येक तालमीला आमची विनंती आहे. एक दोनशेपानी वही घाला. परत आलेल्याचे नाव, वय, वजन, खंड किती, जुनी दुखापत कोणती, घरातले आजार, सकाळची नाडी, आणि लढतीची परवानगी मिळाल्याची तारीख, एवढेच त्यात लिहा. ती तारीख पडेपर्यंत जत्रेच्या पंचांनी गळ घातली, बापाने आग्रह केला, मुलगा स्वतः हट्टाला पेटला, तरी जोड लावू नका. सहा आठवडे थांबवलेला मुलगा हंगामातल्या दोन कुस्त्यांना मुकेल. घाईने उतरवलेला मुलगा गुडघा घेऊन घरी बसला, तर तो पुन्हा तालमीत येईलच असे नाही. त्याला थांबवण्याचा अधिकार फक्त वस्तादाला आहे, आणि तो वापरणे हे वस्तादाचे कर्तव्य आहे.