विश्लेषण : ठाण्याचे जुने ‘सिव्हिल’ पाडले, प्रश्न इमारतीचा की खाटांचा?

ठाण्यातील विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालयाची जुनी वास्तू पाडून तिच्या जागी ९०० खाटांचे रुग्णालय उभारण्याचा निर्णय झाला. निर्णय योग्यच होता. पण जुने बंद होणे आणि नवे सुरू होणे यांमधल्या काळात गरीब रुग्णाने जायचे कुठे?

जुन्या रुग्णालयाचा इतिहास काय?

दानशूर विठ्ठल सायन्ना यांचे नाव लाभलेले हे रुग्णालय १९३६च्या सुमारास टेंभी नाक्याजवळ उभे राहिले. ठाणे तेव्हा छोटे गाव होते. पुढे हेच जिल्हा रुग्णालय झाले आणि लोकांच्या तोंडी ‘सिव्हिल’ हेच नाव रुळले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या रुग्णांची भिस्त या ३००हून अधिक खाटांवर होती.

स्थलांतराने काय बदलले?

२०२३ मध्ये सिव्हिलचा कारभार प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या आवारात हलवण्यात आला. हे मनोरुग्णालयही १९०१चे आणि दानातूनच उभे राहिलेले. एका दात्याच्या वास्तूला दुसऱ्या दात्याच्या वास्तूने आसरा दिला. मात्र तात्पुरत्या जागेत मूळ रुग्णालयाची क्षमता येत नाही. साहजिकच भार वाढला तो ठाणे महापालिकेच्या ५०० खाटांच्या कळवा रुग्णालयावर. ऑगस्ट २०२३ मध्ये तेथे २४ तासांत १८ रुग्ण दगावले. त्यामागे एकच कारण होते असे म्हणता येणार नाही. अनेक रुग्ण अत्यवस्थ स्थितीत आले होते. पण सिव्हिलच्या स्थलांतरामुळे वाढलेल्या गर्दीची चर्चा तेव्हा झाली, ती उगाच नव्हे.

कल्याण-डोंबिवलीचा संबंध काय?

२०११च्या जनगणनेनुसार कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक आहे. महापालिकेकडे कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय आहे. तरी गंभीर रुग्णाला कळवा, ठाणे किंवा मुंबईला पाठवण्याची वेळ वारंवार येते. शहापूर-मुरबाडचा रुग्ण तर कल्याण ओलांडूनच ठाण्याला येतो. म्हणजे ठाण्यातली एक खाट कमी झाली की तिची झळ कसाऱ्यापर्यंत पोहोचते.

मग करायला काय हवे?

पहिले, जुने रुग्णालय रिकामे करण्याआधी तेवढ्याच खाटा, अतिदक्षता विभाग आणि प्रसूतिकक्ष दुसरीकडे चालू असलेच पाहिजेत. राज्यात पुढे कुठेही पुनर्बांधणी झाली, तरी ही अट कागदावर न राहता पाळली जावी. दुसरे, कल्याण-डोंबिवलीतील रुग्णालये स्वतःच्या पायावर उभी राहावीत. तेथे इमारतीपेक्षा डॉक्टर आणि परिचारिकांची वानवा आधी दूर व्हावी. तिसरे, नव्या वास्तूत हृदयशस्त्रक्रियेइतकेच महत्त्व ताप, सर्पदंश आणि बाळंतपणालाही मिळावे. दाराशी आलेल्या गरिबाला खाट मिळावी, यासाठीच तर सामान्य रुग्णालय असते. नवी इमारत किती मजली, यापेक्षा तिथून किती जणांना पुढे पाठवावे लागत नाही, यावरच तिचे मोल ठरेल.