कन्सल्टंट कुणाचा?
कन्सल्टंटचा फोन आला की आपण हवेत! पण बॉस, त्याची फी कंपनी देते. अनेकदा तुमच्या वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. तेव्हा तो काम कंपनीचंच करणार. (तुमच्याकडेच पैसे मागितले, तर सरळ फोन ठेवा.)

माझ्या एका मैत्रिणीचा सीव्ही दोन कन्सल्टंटनी एकाच कंपनीत पाठवला. फी कुणाची, यावर दोघांची जुंपली आणि एचआरने वैतागून तिलाच बाद केलं. तिची चूक काय? काहीच नाही. म्हणून आधी कंपनीचं नाव विचारा, मगच सीव्ही पाठवू द्या. कुठे कुणामार्फत गेला, तेही लिहून ठेवा.

नोटीस पीरियड ९० दिवसांचा असेल तर पहिल्याच फोनवर सांगा. तुमचं ‘करू मॅनेज’ ऐकून तो तिकडे ३० दिवस सांगून मोकळा होतो.