वाढती मुले, घटती बॅटरी

वऱ्हाडातील व्यापारी घरात मोटार एकट्याची कधीच नसते. सकाळी ती बाजारपेठेत जाते, दुपारी शिकवणीच्या वर्गावर, रविवारी अकोल्याहून अमरावतीला सोयऱ्यांकडे आणि सुट्टीत शिरपूर किंवा मुक्तागिरीला. पेट्रोलचा खर्च पाहून अनेक घरांत आता विजेवर चालणाऱ्या एसयूव्हीचा विचार होतो. नवी गाडी खिशाला जड वाटली की तीन-चार वर्षे वापरलेल्या गाडीकडे लक्ष जाते. घरातील मुलगे सहा फुटांच्या आसपास पोहोचत असतील, तर ही निवड अधिक काळजीपूर्वक करावी लागते. येत्या पाच वर्षांत मुले वाढणार आहेत आणि बॅटरीची क्षमता मात्र कमी होणार आहे. दोन्हींचा मेळ आजच घातला नाही, तर स्वस्तात घेतलेली गाडी मध्येच विकावी लागते आणि तोटा दुप्पट होतो.

प्रथम उंचीचा विचार. या गाड्यांत बॅटरी तळाखाली असते. पेट्रोल गाडीच्याच सांगाड्यावर बेतलेल्या काही गाड्यांत त्यामुळे मागच्या आसनापुढची फरशी थोडी उचललेली असते. डोक्याला जागा पुरते, पण उंच माणसाचे गुडघे वर येतात आणि मांड्यांना आधार राहत नाही. शहरात दहा मिनिटे बसून हे कळत नाही. मूर्तिजापूर येईपर्यंत कंबर बोलू लागते. मोठे काचेचे छप्पर असल्यास डोक्यावरची दोन बोटे जागाही त्यात जाऊ शकते. म्हणून गाडी पाहायला एकट्या कर्त्या पुरुषाने जाऊ नये. सर्वांत उंच व्यक्तीने चालकाचे आसन स्वतःच्या सोयीने लावावे, दुसऱ्या उंच व्यक्तीने बरोबर त्याच्या मागे बसावे, मधल्या जागेवर आजी किंवा आजोबांना बसवावे आणि अर्धा तास गाडी चालवावी. तेरा वर्षांचा मुलगा कर्जाचा शेवटचा हप्ता फिटेपर्यंत अठराचा होईल, हे ध्यानात ठेवावे.

पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतरावरून पायांच्या जागेचा प्राथमिक अंदाज येतो. टाटा नेक्सॉनमध्ये ते 2,498 मिलिमीटर, एमजी झेडएसमध्ये 2,585 आणि महिंद्रा एक्सयूव्ही 400 मध्ये 2,600 मिलिमीटर आहे. ज्या घरात नेहमी सहा-सात माणसे एकत्र निघतात, त्यांची अडचण वेगळी आहे. तीन रांगांच्या विजेच्या गाड्यांपैकी किया कॅरेन्स क्लॅविस आणि महिंद्रा एक्सईव्ही 9एस या 2025 मध्येच बाजारात आल्या. वापरलेल्या बाजारात त्या पुरेशा संख्येने यायला वेळ लागेल. तोवर पाच आसनांच्या गाडीत सहावा माणूस दाटीने बसवण्यापेक्षा घरची जुनी पेट्रोल गाडी राखून ठेवणे सुरक्षित.

आता अंतर. अकोला ते अमरावती हा राष्ट्रीय महामार्ग 53 चा टप्पा जून 2022 मध्ये विक्रमासाठी गाजला. लोणी ते माना यांदरम्यान 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. चांगल्या रस्त्यावर वेग वाढतो आणि वेगाबरोबर विजेचा वापरही वाढतो. जाऊन-येऊन हा प्रवास सुमारे 200 किलोमीटरचा आहे. पाच माणसे, वातानुकूलन आणि महामार्गाचा वेग असताना 100 किलोमीटरला 15 युनिट वीज लागते असे धरू. जुन्या बॅटरीची क्षमता एकदशांश घटली आहे आणि 15 टक्के साठा नेहमी शिल्लक ठेवायचा आहे, असेही धरू. मग 2020 च्या नेक्सॉनची 30.2 युनिटांची बॅटरी सुमारे 150 किलोमीटर साथ देते. परतीसाठी अमरावतीत चार्जिंग करणे भाग. नेक्सॉन मॅक्सची 40.5 युनिटांची बॅटरी 200 च्या थोडे पुढे, म्हणजे काठावर पोहोचते. 2022 नंतरच्या झेडएसची 50.3 युनिटांची बॅटरी 250 किलोमीटर निभावते. जाहिरातीतील 312, 437 आणि 461 हे आकडे प्रयोगशाळेतील चाचणीचे आहेत. घरचा हिशेब त्यांवर बांधू नये.

मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या आपल्या भागात ऊन हा बॅटरीचा मोठा शत्रू आहे. गाडी आजवर सावलीत उभी राहत होती की दुकानासमोरच्या उन्हात, हे विचारावे. अधिकृत सेवा केंद्रात बॅटरीच्या आरोग्याचा लेखी अहवाल काढून घ्यावा. विक्रेता त्यास नाही म्हणाला, तर तेथून उठावे. पूर्वी गाडी भाड्याने चालत होती का, हेही नोंदणीतून तपासावे. विजेच्या खासगी गाडीची पाटी हिरवी व अक्षरे पांढरी असतात, भाड्याच्या गाडीची अक्षरे पिवळी.

बॅटरीवर साधारणतः आठ वर्षांची हमी असते, सोबत किलोमीटरची मर्यादा असते आणि ही आठ वर्षे पहिल्या नोंदणीपासून मोजली जातात. बँकेत तारण जोखताना जो नियम लावतात, तोच येथे लावावा: तारणाचे आयुष्य कर्जापेक्षा लांब असले पाहिजे. 2020 ची गाडी 2026 मध्ये पाच वर्षांच्या कर्जावर घेतली, तर हमी 2028 मध्ये संपते आणि हप्ते 2031 पर्यंत चालतात. मधली तीन वर्षे बॅटरीची सारी जोखीम कुटुंबाची. तीच मुदत 2023 च्या गाडीला जवळजवळ पूर्ण झाकून जाते. काही वाढीव हमी पहिल्या मालकापुरत्याच असतात. म्हणून हमी नव्या मालकाकडे येते का, हे लेखी घ्यावे.

किंमत ठरवताना नव्या गाडीचा आजचा भाव समोर ठेवावा. विक्रेत्याने तीन वर्षांपूर्वी काय मोजले, हा प्रश्न गैरलागू आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये नेक्सॉनच्या विजेच्या गाडीची किंमत कमाल 1,20,000 रुपयांनी उतरली, तेव्हा जुन्या गाडीचेही मोल आपोआप खाली आले. वापरलेल्या गाड्यांचा व्यवसाय करणाऱ्या नोंदणीकृत विक्रेत्याला जानेवारी 2025 पासून आपल्या नफ्याच्या फरकावर 18 टक्के जीएसटी भरावा लागतो. खासगी व्यक्तीने व्यक्तीला विकल्यास तो लागत नाही. आयकरातील 80 ईईबी कलमाची व्याजसवलत 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती. ती आता हिशेबात धरू नये. आधीचे कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म 35, मालकी बदलासाठी फॉर्म 29 व 30, आणि 14 दिवसांत विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज, यांत कुचराई नको.

घरच्या चार्जिंगसाठी 15 अँपिअरचा सॉकेट, नीट अर्थिंग आणि महावितरणकडे मंजूर भार हे तिन्ही वीजतंत्रीकडून तपासावेत. महिन्याला दोन-अडीचशे युनिट वाढले, तर घरगुती बिल वरच्या दरटप्प्यात जाते. पेट्रोलची बचत मोजताना हा वाढीव दरच धरावा.

एवढे करूनही आकडे जुळत नसतील, तर वर्षभर थांबण्यात कमीपणा नाही. घरातील सर्वांत उंच मुलगा मागच्या आसनावर सरळ बसतो, अमरावतीहून परतताना साठा उरतो आणि हमी शेवटच्या हप्त्यापर्यंत टिकते, या तीन गोष्टी एकत्र जुळल्या की बयाणा द्यावा. त्यांतली एक जरी हुकली, तर पैसे खात्यात राहू द्यावेत.