इन्फ्रारेड फिल्म आणि नको तिथली काटकसर

इन्फ्रारेड फिल्मचा पहिला रोल वाया गेला की नवशिके खापर फिल्मवर फोडतात. माझ्या मते दोष काटकसरीचा असतो. रोल महाग, फ्रेम्स ३६च, म्हणून प्रत्येक दृश्याचा एकच फोटो!

आता बघा, लाइट मीटर मोजतो डोळ्यांना दिसणारा प्रकाश. झाडाची पानं ज्या इन्फ्रारेडमुळे पांढरीशुभ्र येतात, तो किती आहे हे त्याला कळतच नाही. ऊन, ढग, सावली, दरवेळी हिशोब वेगळा. रोलाय इन्फ्रारेड ४०० च्या डबीवरचा ४०० हा आकडा फिल्टरशिवायचा. ७२० नॅनोमीटरचा फिल्टर लावलात, तर मीटर फिल्टरशिवाय बघून आयएसओ १२ धरा. मग तेच दृश्य २५ आणि ६ धरूनही घ्या. तिन्हींची वहीत नोंद करा.

म्हणाल, मग दृश्यं १२च होतील! होऊ देत की. निदान पुढच्या रोलला काय करायचं ते तरी कळेल. प्रोग्रॅममधला बग शोधताना आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो ना, तसंच.

बाकीच्या चुका टाळणं सोपं. फिल्टर लावल्यावर व्ह्यूफाइंडरमध्ये जवळपास अंधारच, म्हणून ट्रायपॉडवर आधी फोकस, मग फिल्टर. लेन्सवर इन्फ्रारेडची खूण असेल तर फोकस केलेलं अंतर त्या खुणेवर आणा. नसेल तर एफ ११ ठेवा. आणि रोल भर उन्हात भरू नका.

पण एकाच फोटोवर विसंबणार असाल, तर हे सगळं करूनही उपयोग नाही.