हरायची तयारीच नव्हती

अमेरिकेतल्या लास वेगास शहरात खेळाच्या सामन्यांवर पैजा घेण्याचा धंदा राजरोस चालतो. पण १९९० च्या फेब्रुवारीत मुष्टियुद्धाची एक लढत अशी आली, की तिच्यावर पैज घ्यायला तिथले बहुतेक सट्टेवाले तयारच होईनात. कारण अगदी सरळ होते. निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक आहे, मग पैज लावणार कशावर? 'मिराज' नावाच्या कॅसिनोने तेवढा धीर करून भाव काढला, बेचाळीसास एक! म्हणजे जेम्स डग्लस या मुष्टियोद्ध्यावर एक डॉलर लावा आणि तो जिंकलाच तर बेचाळीस डॉलर घेऊन जा.

समोर होता माइक टायसन. वय २३ वर्षे. ३७ लढती, ३७ विजय. त्यांतील ३३ वेळा प्रतिस्पर्ध्याला पुरत्या फेऱ्याही खेळता आल्या नव्हत्या. १९८८ च्या जूनमध्ये मायकेल स्पिंक्स त्याच्यापुढे उभा राहिला, तेव्हा स्पिंक्सही तोवर एकही लढत हरलेला नव्हता. ती लढत ९१ सेकंदांत संपली. टायसन झगा न घालता, मोजे न घालता, काळ्या चड्डीत रिंगणात यायचा आणि समोरचा माणूस घंटा वाजण्याआधीच मनातून हरलेला असायचा.

११ फेब्रुवारी १९९० रोजी, रविवारी भर दुपारी, जपानच्या राजधानीत 'टोकियो डोम'मध्ये हा टायसन व्यावसायिक कारकिर्दीत पहिल्यांदा हरला. क्रीडाजगतातील सर्वांत मोठ्या धक्क्यांमध्ये त्या दुपारची गणना आजही होते. पण खरेच तो धक्का होता का? की तो पराभव टोकियोच्या विमानात बसण्याच्या कितीतरी आधी टायसनच्या घरात शिरलेला होता?

भीतीचा विस्तव

टायसन वाढला न्यूयॉर्कच्या ब्रूकलिनमधील ब्राऊन्सव्हिल या गरीब आणि गुन्हेगारीने पोखरलेल्या वस्तीत. बाप घरात नव्हता. लहानपणीच चोऱ्यामाऱ्या सुरू झाल्या, पोलिसांचे हेलपाटे सुरू झाले आणि पोरगा सुधारगृहात पोहोचला. तिथल्या एका शिक्षकाने त्याची ताकद ओळखली आणि त्याला कस डमाटो या वृद्ध प्रशिक्षकाकडे नेले. डमाटो न्यूयॉर्क राज्यातील कॅट्सकिल गावी राहायचे. त्यांनी मुलाला नुसते शिकवले नाही, तर घरात ठेवून घेतले. टायसनची आई वारली, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्यानंतर डमाटो कायद्याने त्याचे पालक झाले.

या म्हाताऱ्याची एक शिकवण होती. भीती ही विस्तवासारखी असते. ताब्यात ठेवली तर चुलीवर अन्न शिजवते, मोकाट सोडली तर घर जाळते. म्हणून भीतीची लाज बाळगायची नाही, तिला कामाला लावायचे!

डमाटो १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये वारले. पुढच्याच वर्षी, २२ नोव्हेंबर १९८६ रोजी, टायसन वीस वर्षांचा असताना जगज्जेता झाला. हेवीवेट गटात इतक्या लहान वयाचा जगज्जेता त्याआधी झाला नव्हता. ज्या माणसाने हे स्वप्न पाहिले, तो मात्र ते पाहायला उरला नव्हता.

आणि मग एकेक माणूस गळत गेला. व्यवहार पाहणारे जिम जेकब्स १९८८ मध्ये वारले. डमाटोंच्याच तालमीत तयार झालेला प्रशिक्षक केविन रूनी, जो टायसनला तोंडावर चूक सांगू शकत होता, त्याला त्याच वर्षी काढून टाकण्यात आले. संसारही मोडला. १९८९ च्या फेब्रुवारीत घटस्फोट झाला. आता सूत्रे होती प्रवर्तक डॉन किंग यांच्या हाती आणि भोवती होता हांजी हांजी करणाऱ्यांचा घोळका. भीतीला कामाला लावायला शिकवणारे कोणीच उरले नव्हते. भीतीच उरली नव्हती, तर कामाला कोणाला लावणार?

टोकियोत सरावाच्या वेळीच एक इशारा मिळाला होता. ग्रेग पेज या सरावातल्या जोडीदाराने टायसनला चक्क खाली पाडले. ही बातमी बाहेर फुटली. पण तिचा अर्थ कोणी लावला नाही. या लढतीसाठी आपण धड सराव केलाच नव्हता, हे टायसनने पुढे स्वतः कबूल केले.

आईचा शब्द

डग्लस कोण होता? ओहायो राज्यातील कोलंबस शहरचा, २९ वर्षांचा, उंचापुरा, अंगात कसब असलेला. पण त्याच्यावर एक ठपका होता. ऐन मोक्याच्या वेळी हा हातपाय गाळतो, असे लोक म्हणत. १९८७ मध्ये विजेतेपदाच्या एका लढतीत चांगला खेळत असूनही दहाव्या फेरीत तो ढेपाळला होता. वडील स्वतः नावाजलेले मुष्टियोद्धा. त्यामुळे बापाची धमक पोरात नाही, हेही ऐकून घ्यावे लागे.

त्याच्यावर भरवसा असलेली एक व्यक्ती होती. ती म्हणजे त्याची आई, लूला पर्ल. आपला मुलगा टायसनला हरवणार, असे ती लोकांना ठणकावून सांगायची. लढतीला २३ दिवस उरले असताना ती पक्षाघाताने गेली.

लढत पुढे ढकलायची का, असा प्रश्न आला. डग्लसने नकार दिला. आईने शब्द देऊन ठेवला होता, तो आता मुलाने पाळायचा होता.

कोपऱ्यातले एक मिनिट

मुष्टियुद्धात तीन मिनिटांची एक फेरी असते आणि दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट विश्रांती. त्या मिनिटात खेळाडू आपल्या कोपऱ्यात स्टुलावर बसतो. त्याची माणसे जखमा पुसतात, पाणी देतात आणि मुख्य म्हणजे, कुठे चुकतेय ते सांगतात. बाहेरून पाहणाऱ्याला ते मिनिट रिकामे वाटते. पण पुष्कळ लढती त्याच मिनिटात जिंकल्या किंवा हरल्या जातात.

घंटा वाजली आणि पहिल्याच फेरीपासून काहीतरी वेगळे घडू लागले. डग्लस टायसनपेक्षा जवळजवळ अर्धा फूट उंच. त्याच्या हातांचा पल्लाही सुमारे एक फुटाने जास्त. तो डाव्या हाताचे सरळ ठोसे, ज्यांना 'जॅब' म्हणतात, एकामागून एक मारत राहिला. टायसनला जवळ येऊच देईना. आणि जवळ आलाच, तर त्याला मिठीत घट्ट धरून ठेवी. या माणसाच्या चेहऱ्यावर भीती दिसत नव्हती. ज्याची आई नुकतीच गेली, त्याला आणखी कशाची भीती दाखवणार?

पाचव्या फेरीपर्यंत टायसनचा डावा डोळा सुजू लागला. असे या खेळात नेहमीच होते. त्यासाठी कोपऱ्यातली माणसे धातूचा एक छोटा, थंडगार ठोकळा जवळ ठेवतात. तो सुजेवर दाबला की सूज आवरते आणि डोळा उघडा राहतो. किंमत मामुली. नवख्या पोराच्या कोपऱ्यातसुद्धा तो असतो.

जगज्जेत्याच्या कोपऱ्यात तो नव्हता!

कोणी आणलाच नव्हता. अखेर रबरी हातमोज्यात बर्फाचे पाणी भरून, त्याचा फुगा डोळ्याला लावण्याची वेळ आली. डोळा काही आवरला नाही. दर फेरीला तो आणखी मिटत गेला आणि त्या बाजूने येणारे ठोसे टायसनला दिसेनासे झाले. टायसनलाही मार लागू शकतो, हा विचारच त्याच्या माणसांच्या मनाला शिवला नव्हता. सामानाची पेटी भरताना ती वस्तू त्यांना आठवणार तरी कशी?

आठव्या फेरीच्या अगदी शेवटी टायसनने एक संधी साधली. खालून वर आलेला उजव्या हाताचा ठोसा डग्लसच्या हनुवटीवर बसला आणि तो पाठीवर आपटला. झाले, असे सगळ्यांना वाटले. पडलेल्या खेळाडूला उठायला दहा आकड्यांची मुदत असते. डग्लसने हाताने जमिनीवर एक ठोसा मारला, स्वतःवरच चिडल्यासारखा, आणि नवाच्या आकड्याला तो उभा राहिला. तेवढ्यात घंटा झाली.

एरवी हातपाय गाळणारा डग्लस नवव्या फेरीत त्वेषाने तुटून पडला. दहाव्या फेरीत त्याचा 'अपरकट' टायसनच्या हनुवटीखाली बसला, मान मागे फेकली गेली, आणि पाठोपाठ डाव्या-उजव्या हातांचे आणखी ठोसे. व्यावसायिक लढतीत पहिल्यांदा टायसन खाली कोसळला.

तो बेशुद्ध झाला नाही. त्याच्या दातांवरचे रबरी कवच निसटून बाजूला पडले होते. गुडघ्यांवर रांगत, अंधारात किल्ली शोधावी तसा तो ते चाचपडत राहिला. सापडल्यावर वेडेवाकडे तोंडात धरले, त्याचे एक टोक ओठांबाहेर लोंबत होते. तसाच तो धडपडत उभा राहिला. तोवर दहा आकडे संपले होते. पंचांनी त्याला मिठीत घेऊन सावरले.

काय केलेस, कसे केलेस, असे डग्लसला रिंगणातच विचारले गेले. त्याने आईचे नाव घेतले आणि त्याला रडू कोसळले.

हिशेब बाकी होता

डॉन किंग यांनी लगेच तक्रार केली. आठव्या फेरीत पंचांचे आकडे वेळ मोजणाऱ्या अधिकाऱ्याच्या मागे पडले, डग्लसला जास्त वेळ मिळाला, असा त्यांचा दावा होता. तीनपैकी दोन मुष्टियुद्ध संघटनांनी निकाल अडवून धरला. पण नियमाप्रमाणे खेळाडू पंचांचे आकडे पाहून उठतो आणि डग्लस त्या आकड्यांच्या आत उठला होता. चहूकडून टीका झाली आणि काही दिवसांतच सगळ्यांना डग्लसला जगज्जेता मानावे लागले. गंमत म्हणजे, लढत थांबली तेव्हा तीन परीक्षकांपैकी एकाच्या गुणांत डग्लस पुढे होता, एकाच्या गुणांत बरोबरी होती आणि एकाच्या गुणांत चक्क टायसन पुढे होता! अजिंक्यपणाची मोहिनी रिंगणाबाहेर बसलेल्यांवरही असते, ती अशी.

गोष्ट इथे संपली असती, तर आईच्या पुण्याईची गोष्ट म्हणून ती सांगता आली असती. पण पुढे जे झाले, ते अधिक विचार करायला लावणारे आहे. आठ महिन्यांनी, २५ ऑक्टोबर १९९० रोजी, डग्लस इव्हँडर होलीफील्डपुढे उतरला, तेव्हा तो टोकियोपेक्षा सुमारे साडेसहा किलोंनी जड झाला होता. पैसा आला, कौतुक आले, सराव गेला. तिसऱ्याच फेरीत तो आडवा झाला. पुढे वजन बेसुमार वाढले आणि १९९४ मध्ये मधुमेहामुळे तो बेशुद्धावस्थेत गेला. त्यातून वाचल्यावर मात्र त्याने वजन उतरवले आणि १९९६ मध्ये तो पुन्हा रिंगणात आला. ज्या रोगाने टायसनला टोकियोत पाडले, तोच रोग विजयाच्या हारांतून डग्लसच्या घरी गेला होता.

टायसनचे काय? पहिल्या पराभवाने तो शहाणा झाला, असे लिहायला बरे वाटले असते. तसे झाले नाही. १९९२ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात त्याला शिक्षा झाली आणि तीन वर्षे तो तुरुंगात होता. १९९६ मध्ये विजेतेपद परत मिळवले आणि त्याच वर्षी गमावले. १९९७ मध्ये त्याने होलीफील्डच्या कानाचा चावा घेतला. कोट्यवधी डॉलर कमावणाऱ्या या माणसाने २००३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. आपल्या चुकांविषयी तो मोकळेपणाने बोलू लागला, तो रिंगण सोडल्यावर, चाळिशी ओलांडल्यावर.

पराभवातून माणूस आपोआप शिकत नाही. काय चुकले ते सांगणारे कोणी जवळ असावे लागते आणि त्याचे ऐकून घेण्याइतके कान शाबूत असावे लागतात. दहावीपर्यंत वर्गात पहिला येणारा मुलगा, कधी तोटा न पाहिलेला दुकानदार, कधी कोणी 'नाही' न म्हटलेला घरचा कर्ता, अशी माणसे प्रत्येक घरात असतात. त्यांचे कौतुक करणारे पुष्कळ असतात. त्यांच्यावर खरी माया असणाऱ्याने मात्र तो छोटा, थंडगार ठोकळा आपल्या पेटीत ठेवलेला बरा.